चालते यंत्र, नोंदीतले यंत्र

पावसाळा नुकताच सुरू झाला होता. एका दुपारी आमच्या कॉलेजच्या इमारतीतली वीज गेली, जनरेटर सुरू होईपर्यंत यूपीएसच्या जुन्या बॅटऱ्यांनी तग धरला नाही आणि सर्व्हर रूममधली पंख्यांची घरघर, जिच्याकडे एरवी कुणाचे लक्षही जात नाही, एकाएकी बंद पडली. वीज परत आल्यावर होस्ट सर्व्हर उठला आणि त्याच्यावरची व्हर्च्युअल मशीन्स, म्हणजे त्या एका संगणकात सॉफ्टवेअरने उभे केलेले अनेक आभासी संगणक, एकामागून एक वर येऊ लागली. आमच्याकडे त्यांना पुणे जिल्ह्यातल्या नद्यांची नावे देण्याची पद्धत आहे. मुळा, मुठा, नीरा, इंद्रायणी, पवना. ज्यांच्यावर ऑटोस्टार्टची खूण होती त्या आपोआप आल्या, बाकीच्यांना हाताने उठवावे लागले, आणि थोड्या वेळाने सगळे सुरळीत झाल्यासारखे वाटले. मग दुसऱ्या वर्षाच्या वर्गातून निरोप आला की असाइनमेंट जमा करण्याचे पान उघडायला फार वेळ लागतो आहे. ते पान पवनेवर चालते. मी टर्मिनलमध्ये व्हर्शला, म्हणजे ही मशीन्स कमांडने सांभाळण्याच्या साधनाला, ‘व्हर्श डोमइन्फो पवना’ असे विचारले, तर उत्तर आले: कमाल मेमरी ८३८८६०८ किबिबाइट, वापरातली मेमरी २०९७१५२ किबिबाइट. म्हणजे ८ जीबीपर्यंत जाण्याची मुभा असलेले मशीन २ जीबीवर चालले होते आणि त्यातला डेटाबेस स्वॅपमध्ये, म्हणजे मेमरी अपुरी पडली की वापरल्या जाणाऱ्या डिस्कवरच्या संथ जागेत, हेलपाटे घालत होता. मेमरी वाढवून देण्याची कमांड एका ओळीची असते. ती दिली, पान उघडू लागले आणि त्या दिवसापुरता प्रश्न मिटला.

मला सतावत राहिली ती वेगळीच गोष्ट. वीज जाण्याच्या आदल्या दिवसापर्यंत पवना झकास चालत होती. मॉनिटरिंगचा आलेख मागे मागे सरकवत गेलो तेव्हा दिसले की कित्येक महिने ती ६ जीबीवर होती. कुणीतरी कधीतरी तिला मेमरी वाढवून दिली होती, आणि तरीही तिच्या कॉन्फिगरेशनमध्ये, आमच्या दस्तऐवजात, भिंतीवर चिकटवलेल्या तक्त्यात, सगळीकडे २ जीबी असेच लिहिलेले होते. होस्टवरच्या रूट या सर्वाधिकारी खात्याच्या हिस्टरीत, म्हणजे दिलेल्या कमांडच्या यादीत, ती ओळ सापडलीसुद्धा: ‘व्हर्श सेटमेम पवना ६जी’. बॅशची हिस्टरी मुद्दाम सांगितल्याशिवाय वेळेची नोंद ठेवत नाही, आणि एकच खाते चारजण वापरत असतील तर ओळ कुणाची हेही तिला ठाऊक नसते. तरीही अंदाज बांधता आला. आमच्याकडे आधी काम करणारा, आता बेंगळुरूला असलेला एक तरुण सहकारी रात्री उशिरापर्यंत थांबत असे. त्याला फोन केला. तो क्षणभर आठवत राहिला आणि मग म्हणाला, “हो सर, मीच वाढवली होती. सबमिशनचा शेवटचा दिवस होता, मशीन बंद करता येत नव्हतं. म्हटलं, आधी पोरांचं काम तर होऊ दे, कॉन्फिगचं नंतर बघू.”

नंतर कधी बघितले गेलेच नाही.

त्याच्यावर रागवावे असे मला क्षणभरही वाटले नाही, आणि हेच मला खटकत राहिले. त्याने दिलेली कमांड बरोबर होती, त्या वेळी तीच द्यायला हवी होती, आणि तिने शे-दोनशे विद्यार्थ्यांची रात्र वाचवली होती. वीज गेल्यानंतर लिबव्हर्टने, म्हणजे व्हर्शच्या मागे राहून ही मशीन्स चालवणाऱ्या प्रणालीने, जे केले तेही बरोबरच होते. जे लिहिलेले होते त्यावरून त्याने मशीन पुन्हा उभे केले. दोन्ही बाजूंनी चोख काम होऊनही मधल्या काळात पवना नावाची दोन मशीन्स नांदत होती, एक चालणारे आणि एक लिहिलेले, आणि ती दोन आहेत हे आमच्यापैकी कुणाच्या गावीही नव्हते.

व्हर्शशी ज्यांचा रोजचा संबंध आहे त्यांना हा भेद पाठ असतो, निदान तोंडाने. जवळजवळ प्रत्येक बदलाच्या कमांडला दोन खुणा लावता येतात: लाइव्ह म्हणजे आत्ता चालत असलेल्या मशीनमध्ये बदल करा, कॉन्फिग म्हणजे पुढच्या वेळी ते उभे राहील तेव्हासाठी लिहून ठेवा. दोन्ही लावल्या तर दोन्हीकडे बदल होतो. आमच्या केव्हीएमच्या (लिनक्समधल्या व्हर्च्युअलायझेशनच्या) सर्व्हरवर चालत्या मशीनला नुसती सेटमेम दिली, कोणतीच खूण न लावता, तर बदल फक्त चालत्या मशीनपुरता राहतो. नवी डिस्क जोडण्याच्या कमांडचेही तसेच. तिथे पर्सिस्टंट असे वेगळे सांगावे लागते, नाहीतर मशीन बंद झाल्यावर ती डिस्क जोडलेलीच नव्हती असा कारभार होतो. लिहिलेले रूप होस्टवर ‘ईटीसी’मधल्या लिबव्हर्टच्या फोल्डरमध्ये एक्सएमएल, म्हणजे खुणांनी रचलेल्या मजकुराच्या, फाइलच्या रूपाने असते, आणि त्या फाइलच्या माथ्यावरच मोठ्या अक्षरांत इशारा असतो की ही आपोआप तयार झालेली फाइल आहे, हिच्यात परस्पर केलेले बदल पुसले जाण्याची शक्यता आहे, बदलायचे असेल तर ‘व्हर्श एडिट’ वापरा. तसे केले तर ते आपल्याला एक तात्पुरती प्रत उघडून देते, आपण जतन करून बाहेर पडलो की ती तपासते, आणि काही वावगे असले तर पुन्हा प्रयत्न करायचा का असे विचारते. मला ही पद्धत आवडते. लिखाणाला हात लावण्याआधी कुणीतरी हटकणारे असावे.

मेमरीच्या बाबतीत तर त्या एक्सएमएलमध्ये दोन ओळी एकाखाली एक असतात. पहिलीत कमाल मेमरी, दुसरीत सध्याची. मशीन उभे राहताना त्याला कमाल मेमरीइतकी जागा आहे असेच दाखवले जाते, आणि मग आतला बलून ड्रायव्हर नावाचा छोटा प्रोग्राम फुगून मधली पाने (मेमरीचे छोटे तुकडे) ताब्यात घेतो व होस्टला परत करतो; मशीनच्या वाट्याला उरते ती सध्याची मेमरी. वाढवून द्यायची म्हणजे बलूनमधली हवा काढायची. ही युक्ती कार्ल वाल्डस्परगर यांनी २००२ मध्ये व्हीएमवेअर या कंपनीच्या ईएसएक्स सर्व्हर या व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या प्रणालीवरील शोधनिबंधात मांडली, आणि मला ती आजही थोडी लबाड आणि फार सुंदर वाटते. होस्टला गेस्टच्या, म्हणजे आत चालणाऱ्या मशीनच्या, मनातले कळत नाही, कोणती पाने मोलाची आणि कोणती टाकाऊ हे त्याला ठरवता येत नाही. म्हणून तो आपला एक माणूस आत पाठवतो आणि त्याच्याकडून मेमरीची मागणी करवतो. मग काय सोडायचे हे गेस्ट स्वतःच ठरवतो. पवनेच्या आत त्या दुपारी हा बलून ६ जीबीचा फुगून बसला होता, कारण कागदावर मशीनच्या वाट्याला २ जीबीच लिहिले होते.

विद्यार्थ्यांची यावर नेहमीची तक्रार असते: “सर, मी आतून रीस्टार्ट केलं, तरी नवीन सेटिंग लागलं नाही.” गेस्टच्या आतून रीस्टार्ट केले की होस्टवर त्या मशीनचे सोंग घेणारी क्यूईएमयू या प्रोग्रामची प्रक्रिया तीच राहते, तिच्यातले नकली हार्डवेअर फक्त रीसेट होते. लिहिलेले नवे रूप अमलात यायचे असेल तर मशीन पूर्ण बंद होऊन पुन्हा सुरू व्हावे लागते. आमच्या दुसऱ्या प्रयोगशाळेत प्रॉक्समॉक्स ही व्हर्च्युअल मशीन्स सांभाळणारी निराळी प्रणाली आहे. व्हीएमवेअर ब्रॉडकॉम या कंपनीच्या हाती गेल्यावर, म्हणजे २०२३ च्या अखेरीनंतर, परवान्यांची गणिते बदलली आणि बऱ्याच ठिकाणी माणसे पर्याय शोधू लागली, तेव्हा व्हिएन्नात तयार होणारी ही प्रणाली अनेकांनी जवळ केली. तिथे चालत्या मशीनवर लगेच लागू न होणारा बदल ‘पेंडिंग’ म्हणून नोंदला जातो, आणि ‘क्यूएम पेंडिंग’ ही कमांड सध्याचे मूल्य आणि येऊ घातलेले मूल्य शेजारी शेजारी दाखवते. तिथला कल उलटा आहे, आधी लिहा आणि मग अमलात आणा. घाईच्या रात्री ही शिस्त जाचक वाटते. पण दोन मूल्यांत फरक आहे हे सांगण्याची जबाबदारी यंत्रानेच उचलावी, हे मला पटते.

आजचे विद्यार्थी या जगात शिरतात ते बहुधा व्हर्च्युअलबॉक्स या लॅपटॉपवर व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या खिडकीतून. लॅपटॉपच्या बायोसमध्ये व्हर्च्युअलायझेशन बंद आहे, या पहिल्या अडथळ्याशी झगडून झाल्यावर त्यांना मेमरीची ती सरकपट्टी दिसते, हिरव्या भागातून लाल भागाकडे जाणारी, आणि मशीन चालू असताना तीच पट्टी मंद राखाडी होऊन हात लावू देत नाही. खिडकीचा हा गुण मोठा आहे. काय करता येणार नाही हे ती न विचारता दाखवते. त्याच विद्यार्थ्यांना तिसऱ्या वर्षी आम्ही व्हीबॉक्समॅनेज या त्याच्याच कमांडच्या साधनाकडे नेतो, तेव्हा काहींच्या चेहऱ्यावर उघड नाराजी असते. काळ्या पडद्यावर लुकलुकणारी चौकट काहीच दाखवत नाही. मॉडिफायव्हीएम नावाची कमांड चालत्या मशीनला दिली की ती शब्दांत नकार देते, हे मशीन आधीच एका सत्रासाठी कुलूपबंद आहे असे सांगते, आणि चालत्या मशीनशी बोलायचे तर कंट्रोलव्हीएम ही निराळी कमांड वापरावी लागते. जर्मनीतल्या इनोटेक या छोट्या कंपनीने २००७ मध्ये हे सॉफ्टवेअर खुले केले, २००८ मध्ये ते सन या कंपनीकडे आणि २०१० मध्ये सनबरोबर ओरॅकलकडे गेले; मालक बदलले तरी बंद मशीन आणि चालते मशीन यांच्यासाठी दोन वेगळी दारे ठेवण्याची ही रीत तशीच राहिली. मेमरीसारख्या बाबतीत तिथे पवनेसारखा प्रकार सहसा घडत नाही, कारण चालत्या मशीनची मेमरी बदलायला ते राजीच होत नाही. एका विद्यार्थ्याने मात्र व्हर्च्युअलबॉक्सच्या सवयीने व्हर्शला ४०९६ असा आकडा दिला. पहिल्यात तो मेगाबाइटमध्ये मोजला जातो, दुसऱ्यात किबिबाइट या हजारेक पट लहान मापात. त्याचे मशीन ४ मेगाबाइटवर आणले गेले आणि जागच्या जागी गुदमरले. बिचारा अर्धा तास नेटवर्कची केबल तपासत होता.

ही दोन रूपांची भानगड नव्या सॉफ्टवेअरने आणली असावी, असा माझा समज होता. मग एका सुट्टीत जुन्या आयबीएम प्रणालींची माहितीपुस्तके चाळायला घेतली आणि तो समज गळून पडला. मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिज इथल्या आयबीएमच्या सायंटिफिक सेंटरमध्ये १९६४ च्या अखेरीस रॉबर्ट क्रीसी यांच्या पुढाकाराने एका संगणकाचे अनेक संगणक करण्याचे काम सुरू झाले. त्यातून आलेली सीपी-४० ही प्रणाली १९६७ च्या आरंभी वापरात आली, तिच्यामागून सिस्टिम/३६० मॉडेल ६७ साठी सीपी-६७, आणि २ ऑगस्ट १९७२ रोजी आयबीएमने व्हीएम/३७० ची घोषणा केली. तिथे वापरकर्ता टंकयंत्रासारख्या टर्मिनलवर बसून लॉगऑन करी, आणि लॉगऑन करणे म्हणजेच त्याचे स्वतःचे व्हर्च्युअल मशीन उभे राहणे. खिडकी नाही, पट्टी नाही. मशीनशी जे काही करायचे ते कमांडनेच. ‘क्वेरी व्हर्च्युअल’ असे टंकले की आपल्या मशीनला काय काय जोडले आहे ते कागदावर उमटे. म्हणजे कमांडच्या ओळीवरून व्हर्च्युअल मशीनच्या सेटिंग सांभाळणे हा मूळ प्रकार आहे, आणि माउसने ओढायची पट्टी ही पुष्कळ नंतरची पाहुणी.

आणि तिथे, त्या जुन्या पुस्तकात, पवना सापडली. व्हीएम/३७० मध्ये प्रत्येक वापरकर्त्याची नोंद एका डिरेक्टरीत असे. तिच्या पहिल्या ओळीत नाव, परवलीचा शब्द, मग मेमरीचे दोन आकडे, आणि शेवटी त्याला कोणत्या वर्गाच्या कमांड देता येतील ती अक्षरे. मेमरीचा पहिला आकडा लॉगऑन करताच मिळणारा, दुसरा मागून घेता येण्याजोगा कमाल. समजा पहिला ५१२ के आणि दुसरा १ एम असला, तर वापरकर्ता ‘डिफाइन स्टोरेज’ ही कमांड देऊन आपल्या मशीनची मेमरी १ एमपर्यंत वाढवून घेऊ शकत असे. त्याची किंमत म्हणून मशीनची मेमरी पुसली जाई आणि आतली प्रणाली पुन्हा लोड करावी लागे. काम झाले, लॉगऑफ केले, की ती वाढ संपली. पुढच्या वेळी पुन्हा ५१२ के. डिरेक्टरीतला आकडा बदलण्याचा अधिकार सामान्य वापरकर्त्याला नव्हता, ते काम यंत्रणा सांभाळणाऱ्याचे. तेच दोन आकडे, तीच चालत्या आणि लिहिलेल्या रूपातली फारकत. फरक इतकाच की तिथे ती फारकत रोज संध्याकाळी मिटत असे, कारण माणूस घरी जाताना लॉगऑफ करी. आमची मशीन्स महिनोन् महिने बंद होत नाहीत, म्हणून त्यांच्यातले अंतर वाढत जाते आणि एखाद्या वीज जाण्याची वाट पाहत राहते. शिवाय त्या टंकयंत्रावर दिलेली प्रत्येक कमांड कागदावर राहत असे. सत्र संपल्यावर फाडून घेतलेला तो लांबलचक कागद कुणी जपून ठेवला असेल तर त्यात काय मागितले आणि काय मिळाले ते ओळीने वाचता येत असेल. आमच्या हिस्टरीतल्या तारीख नसलेल्या त्या एका ओळीपेक्षा तो पुरावा कितीतरी बरा.

हे वाचताना मला वारंवार आठवत राहिली ती जुन्नर तालुक्यातल्या आमच्या गावची जमीन. आजोबा आणि त्यांचे दोन भाऊ यांनी आपसांत तोंडी वाटणी केली होती. बांध कुठे घालायचा, विहिरीचे पाणी कुणी कोणत्या दिवशी घ्यायचे, आंब्याचे झाड कुणाच्या हद्दीत, सगळे ओसरीवर बसून ठरले आणि कित्येक वर्षे त्याप्रमाणे बिनबोभाट चालले. सातबाऱ्यावर मात्र तिघांची नावे सामाईकच राहिली. फेरफाराची नोंद घालायला तलाठ्याकडे जायचे होते, पण पेरणी होती, मग लग्नसराई होती, मग पुन्हा पेरणी होती. लहानपणी मला कुणी विचारले असते की आमचे शेत कोणते, तर मी पळत जाऊन बांधावर उभा राहिलो असतो. माझ्या लेखी तो बांध डोंगराइतका पक्का होता. पुढे रस्त्याच्या रुंदीकरणासाठी मोजणी आली, तेव्हा सरकारी मोजणीदारासमोर तो बांध नव्हताच. त्याच्या हातातल्या उताऱ्यावर एक अखंड गट होता आणि तीन नावे होती. रस्ता एकट्या धाकट्या आजोबांच्या वाट्यातून जात होता आणि भरपाईचे तीन भाग होत होते. भांडण झाले नाही, पण काही दिवस घरात जेवणाच्या वेळी कुणी मान वर करून बोलत नसे. वाटणी खोटी होती असे कुणीच म्हणत नव्हते. उतारा खोटा होता असेही म्हणता येत नव्हते, कारण महसुली कायदा नोंदीला विरुद्ध सिद्ध होईपर्यंत खरेच मानतो. कसले जाणारे शेत आणि नोंदीतले शेत अशी दोन शेते त्या एकाच मातीवर होती, आणि मोजणी येईपर्यंत दोन्ही सुखाने नांदली.

माझ्या सहकाऱ्याचे “नंतर बघू” मला परके वाटले नाही, ते यामुळेच.

लिबव्हर्टमध्ये एक प्रकार असाही आहे की ज्याला लिहिलेले रूपच नसते. ‘व्हर्श डिफाइन’ने मशीनची नोंद होते आणि मग ते सुरू करायचे, पण ‘व्हर्श क्रिएट’ने एक्सएमएल देऊन थेट सुरू केलेले मशीन नोंदीशिवायच जगते. ते बंद झाले की यादीतून नाहीसे होते, बंद मशीन्ससह सगळे दाखव असे सांगितले तरी दिसत नाही. डिस्कची फाइल तेवढी मागे राहते. प्रात्यक्षिक परीक्षेच्या दिवशी आम्ही विद्यार्थ्यांना अशीच मशीन्स देतो. सकाळी उभी करायची, संध्याकाळी संपवायची, कुणाच्या नावाने काही मागे उरू नये. परीक्षा संपल्यावर यादी पाहिली की आमच्या नद्या तेवढ्या दिसतात, आणि दिवसभर त्या होस्टवर साठ मुले साठ मशीन्समध्ये घाम गाळत होती याचा मागमूसही राहत नाही. मला ते दृश्य स्वच्छ वाटते आणि किंचित उदासही करते. एकदा एका मुलीने विचारले होते की तिने परीक्षेत लिहिलेली स्क्रिप्ट तिला परत मिळेल का. ती स्क्रिप्ट चांगली होती. उत्तरपत्रिकेत घेतलेली छापील प्रत होती, ती दाखवली. तिला हवे होते ते चालते मशीन.

पवनेच्या प्रकरणानंतर मी एक लहानशी स्क्रिप्ट लिहिली, जी रोज पहाटे प्रत्येक मशीनचे चालते रूप आणि लिहिलेले रूप काढते व दोहोंतला फरक पत्राने पाठवते. व्हर्शच्या डम्पएक्सएमएल कमांडला ‘इनअॅक्टिव्ह’ अशी खूण लावली की नोंदीतले रूप मिळते, न लावली तर चालते. कागदावर फार सोपे काम. प्रत्यक्षात पहिल्या दिवशीच पत्र इतके लांब आले की वाचवेना, कारण चालत्या मशीनच्या वर्णनात नेहमीच अधिक काही असते: होस्टने दिलेला क्रमांक, प्रत्येक उपकरणाला चिकटवलेले टोपणनाव, नेटवर्कच्या आभासी तारेचे नाव, सुरक्षेची लेबले. हे फरक असायलाच हवेत. मशीन जगते आहे याची ती लक्षणे आहेत. त्यांना गाळून खरा फरक तेवढा उरवायला बराच वेळ गेला. मेमरी, प्रोसेसर, डिस्क, नेटवर्क एवढ्यावरच नजर ठेवायची असे ठरवल्यावर पत्र आटोपशीर झाले आणि मग एकेक गोष्टी बाहेर आल्या. नीरेला कुणीतरी दुसरे नेटवर्क कार्ड चालता चालता जोडलेले होते आणि विभागाचा प्रिंटर त्यावरूनच चालत होता. इंद्रायणीच्या बाबतीत उलट होते. लिहिलेल्या रूपात ४ प्रोसेसर होते, चालत्यात २, म्हणजे कुणी विचारपूर्वक नोंद करून ठेवली आणि मशीन बंद करायला सवड मिळाली नाही. दोन्ही फरकांमागे एकेक माणूस होता, दोघांचाही हेतू चांगला होता, आणि दोघांनाही आता त्याचे स्मरण नव्हते.

विभागातल्या एका तरुण सहकारी मॅडमचे मत या बाबतीत माझ्याहून कडक आहे. त्या म्हणतात की मशीनशी थेट बोलणेच बंद करावे. सगळ्या सेटिंग अॅन्सिबल या आपोआप सेटिंग लावणाऱ्या साधनाच्या फाइलींत लिहाव्यात, फाइली गिटमध्ये, म्हणजे प्रत्येक बदलाचा इतिहास जपणाऱ्या साठ्यात, ठेवाव्यात, बदल फाइलीत करावा आणि तो तिथूनच मशीनपर्यंत पोहोचावा. चालत्या मशीनमध्ये कुणी परस्पर काही केले तर पुढच्या फेरीत ते पुसले जाईल. “सर, लिहिलेलं तेच खरं, असं एकदा ठरवून टाकलं की प्रश्नच मिटतो.” त्यांचे बरोबर आहे, आणि नव्या मशीन्ससाठी आम्ही तसेच करू लागलो आहोत. तरीही सबमिशनच्या त्या रात्री अशी व्यवस्था असती तर काय झाले असते, हा विचार माझ्या मनातून जात नाही. फाइल बदला, दुसऱ्या कुणाकडून तपासून घ्या, मग चालवा. रात्री साडेअकराला तपासणारा कोण मिळणार? तेव्हा माणसाने टर्मिनल उघडून एक ओळ लिहिली, हे मला अजूनही योग्य वाटते. पहाटेच्या फेरीने ती ओळ पुसून टाकणे मात्र मला मान्य होत नाही. तिने आधी विचारावे, की हे असे का केले आहे?

‘का’ लिहून ठेवायची जागा व्हर्शमध्ये आहे, फारशी कुणी न वापरलेली. ‘व्हर्श डेस्क’ या कमांडने मशीनच्या वर्णनात मजकूर घालता येतो, आणि तो मजकूर एक्सएमएलमध्ये मशीनबरोबरच राहतो. गंमत म्हणजे तिलाही लाइव्ह आणि कॉन्फिग या खुणा आहेत. फक्त चालत्या रूपात घातलेली टीप मशीन बंद झाल्यावर त्या रूपासकट जाते. हे कळल्यावर मॅडम बराच वेळ हसत होत्या. आता आमचा नियम असा की मेमरी, प्रोसेसर किंवा डिस्क बदलली की वर्णनात कुणी, कधी आणि कशासाठी ते लिहायचे, दोन्ही खुणा लावून. मराठीत लिहिले तरी चालते, एक्सएमएलला त्याचे वावडे नाही. पवनेच्या वर्णनात आता मॅडमच्या हातची ओळ आहे की सत्राअखेरच्या सबमिशनसाठी मेमरी ६ जीबी केली आहे, परीक्षा संपल्यावर ४ वर आणावी. चालते रूप ६, नोंदीतले रूप ६, पहाटेच्या पत्रात पवनेचे नाव येत नाही. परीक्षा संपून निकालही लागले आहेत. मी परवा त्यांना त्या ओळीची आठवण करून दिली, तर त्या म्हणाल्या, “हो सर, आहे लक्षात. पण पुढच्या महिन्यात एटीकेटीवाल्यांची सबमिशन आहेत, तोपर्यंत राहू द्या.” मी वर्णनात तेवढी भर घातली, दोन्ही खुणा लावून.